नाताळला येतोस ना?

तिकीट कन्फर्म आहे, बॅग भरायला काढलीय, पण घरात आपल्याला जागा आहे का, याचीच खात्री नाही! ख्रिस्ती घरातल्या, मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या आणि गे, लेस्बियन किंवा ट्रान्सजेंडर असलेल्या भंडाऱ्याच्या पोरापोरींसाठी डिसेंबर हा असा अवघड महिना. ज्या देवाचं नाव घेऊन घरचे दार लावतात, त्याच देवाकडे थोडा धीर मिळतो का?

डिसेंबरचा दुसरा आठवडा. ऑफिसमध्ये सिक्रेट सँटाच्या चिठ्ठ्या निघाल्यात. एचआरनं पॅन्ट्रीशेजारी प्लॅस्टिकचं झाड उभं केलंय. सगळ्यांचे लाल टोप्या घालून फोटो काढून झालेत. आणि ज्याच्या घरी खरोखरच नाताळ असतो, तो तुमच्या शेजारच्या क्यूबिकलमधला मित्र मात्र फोन घेऊन जिन्यात गेलाय.

“नाताळला येतोस ना बाबू?” पलीकडून आई विचारतेय.

“बघतो आई. सुट्टीचं अजून काही नक्की नाही.”

सुट्टी केव्हाच मंजूर झालीय. तिकीटही आहे. नक्की नाहीये ती वेगळीच गोष्ट.

हा ‘तो’ म्हणजे कुणी एक मुलगा नाही. त्याच्या जागी ‘ती’ही असू शकते. कुणी घरी सगळं सांगून बसलंय आणि त्या दिवसापासून बाबांनी बोलणं टाकलंय. कुणी काहीच सांगितलेलं नाही, त्यामुळे चार दिवस पोटात गोळा घेऊन हसत राहायचंय. कुणाला सांगण्यात आलंय, “ये, पण ते सगळं तिकडेच ठेवून ये.” ‘ते सगळं’ म्हणजे काय, तर स्वतःच! आता ते कुठल्या लॉकरमध्ये ठेवायचं, सांगा बरं?

भंडाऱ्याचा नाताळ

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस आणि पुण्याकडून महाराष्ट्र एक्स्प्रेस. दोन्ही गाड्या गोंदियाला जातात आणि वाटेत भंडारा रोडला थांबतात. स्टेशन वरठीला, भंडारा शहर तिथून दहाएक किलोमीटर. डिसेंबरातली बोचरी थंडी, कापणी झालेली बांधी, कुठे कुठे धानाचे पुंजणे. घरी पोहोचलं की दारावर कागदी चांदणी लटकलेली, आत करंज्या-चकल्यांचे डबे भरलेले. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरांत केक असतो, पण फराळाशिवाय नाताळ होत नाही. रात्री कॅरल म्हणणारी पोरं दारोदार येतात. पंचवीसला सकाळी नवे कपडे, चर्च, दारात सगळ्यांशी ‘सलाम’, मग जेवण. आणि जेवणानंतर... चौकशा!

“यंदा तरी लग्नाचं बघायचं ना गा?” मामा सुरू करतात. मोठ्या आईकडे नागपूरच्या एका मुलीचा फोटो असतोच. पास्टरांना भेटून ये, ते प्रार्थना करतील, असं कुणी हळूच सुचवतं.

तसं हे कुठल्याही घरात होतं. दिवाळी संपली की या भागात गावोगावी मंडई भरते. सगळे सोयरे एका गावात जमतात, रात्री दंडार नाहीतर झाडीपट्टीचं नाटक, आणि दिवसा लग्नाच्या गोष्टी. गंमत बघा, दंडारीत पुरुषानं साडी नेसून स्त्रीचं काम करायचं ही जुनी रीत. रात्रभर सगळा गाव त्याला टाळ्या देतो. पण आपल्याच घरातला मुलगा थोडा बायकी चालला, तर सकाळी त्याच ओट्यावर त्याची टिंगल!

ख्रिस्ती घरांत यात आणखी एक गोष्ट मिसळते. समाज लहान आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोक जेमतेम एक टक्का. नागपुरात स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटिश मिशनचं काम भंडाऱ्यापर्यंत पोहोचलं. त्या काळापासूनची घरं एकमेकांना तीन-चार पिढ्यांची ओळखतात. मराठी ख्रिस्ती लोक चर्चच्या समाजाला ‘मंडळी’ म्हणतात. शब्द किती घरगुती! पण जी मंडळी दुखण्याखुपण्यात डबा घेऊन येते, तिच्याच नजरेची भीती आईबाबांना सगळ्यात जास्त असते. मुलगा गे आहे हे कळल्यावर अर्धं दुःख मुलाचं असतं आणि अर्धं, “आता रविवारी चर्चमध्ये तोंड कसं दाखवायचं?” याचं.

आपल्यांचंच जास्त लागतं

हे सगळं फार मनाला लावून घेऊ नये, असं सल्ला देणारे सांगतात. पण लागतं ते लागतंच. १ एप्रिल २०२३ रोजी पीयूसीएल आणि समलिंगी स्त्रिया व ट्रान्स व्यक्तींच्या एका राष्ट्रीय नेटवर्कनं मिळून एक जनसुनवाई घेतली होती. विषय होता, घरातल्या माणसांनी केलेली हिंसा. त्यातून आलेल्या अहवालाचं हिंदी नावच ‘अपनों का बहुत लगता है’ असं आहे. रस्त्यावरच्या पोरानं मारलेला टोमणा आपण विसरतो. आईनं ताट वाढताना नजर टाळली, तर ते वर्षभर आठवतं.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या समलिंगी तरुणांना किशोरवयात घरच्यांनी जास्त झिडकारलं होतं, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं प्रमाण, घरच्यांनी फारसं न झिडकारलेल्यांच्या तुलनेत ८.४ पट निघालं. आकडा अमेरिकेचा आहे, पण घर म्हणजे काय हे भंडाऱ्यात आणि कॅलिफोर्नियात फार वेगळं नसावं. रायन यांच्या टीमनं पुढे धार्मिक कुटुंबांसाठी खास पुस्तिका काढल्या. आईबाबांनी आपली श्रद्धा टाकून द्यावी, असं त्या म्हणत नाहीत. त्यांचा मुद्दा साधा आहे. सगळं पटलं नाही तरी मुलाला घालूनपाडून बोलणं थांबवता येतं, त्याच्या मित्रांना घरी येऊ देता येतं, आणि दुसरं कुणी त्याचा अपमान करत असेल तर त्याच्या बाजूनं उभं राहता येतं.

कायद्याचं म्हणाल, तर तो बराच पुढे आलाय. दिल्ली हायकोर्टानं २००९ मध्ये कलम ३७७ ला धक्का दिला, सुप्रीम कोर्टानं २०१३ मध्ये ते परत जिवंत केलं आणि ६ सप्टेंबर २०१८ ला शेवटी सज्ञान व्यक्तींमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या बाहेर काढले. ट्रान्सजेंडर व्यक्तींची ओळख सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्येच मान्य केली होती. लग्नाचा हक्क मात्र ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मिळाला नाही. थोडक्यात, पोलिसांची भीती कमी झाली. पण जेवणाच्या टेबलावर काय होणार, हे कुठलं कोर्ट ठरवणार?

मग देवाचं काय?

खरी ठसठस इथे आहे. घर रागावलं तर माणूस देवाकडे जातो. पण घरानं देवालाच आपल्या बाजूला उभं केलं असेल तर?

चर्चची बाजू एकच आहे असं समजू नका. ३७७ परत आणण्यासाठी सुप्रीम कोर्टात गेलेल्यांमध्ये काही ख्रिस्ती संघटनाही होत्या. बहुतेक चर्च आजही समलिंगी विवाहाला मान्यता देत नाहीत. हे लपवून उपयोग नाही. पण गोष्ट तिथेच संपत नाही. डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाचा तो निकाल आला, तेव्हा मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की चर्चला समलिंगी विवाह मान्य नाही, पण समलिंगी माणसांना चर्चनं कधी गुन्हेगार मानलेलं नाही. पोप फ्रान्सिस २०१८ मध्ये आयर्लंडहून परतताना विमानात पत्रकारांशी बोलले. मुलगा किंवा मुलगी समलिंगी असल्याचं कळलं तर आईबापांनी काय करावं? त्यांचं उत्तर असं होतं, की त्यांना दोषी ठरवू नका, बोला, समजून घ्या, घरात त्यांना जागा द्या. मुलाकडे पाठ फिरवणारे आईबाप आईबापपणातच कमी पडतात, असंही ते म्हणाले. डिसेंबर २०२३ मध्ये, नाताळच्या एक आठवडा आधी, व्हॅटिकननं समलिंगी जोडप्यांना पाद्र्यांनी साधा आशीर्वाद द्यायला वाट मोकळी केली. लग्न नाही, पण आशीर्वाद. फ्रान्सिस एप्रिल २०२५ मध्ये गेले, हे वाक्य मागे ठेवून: घरात जागा द्या.

“ते कॅथलिकांचं झालं, आपलं काय?” असं भंडाऱ्यातल्या प्रॉटेस्टंट घरात कुणी विचारेल. मग जवळच बघा. नॅशनल कौन्सिल ऑफ चर्चेस इन इंडिया ही देशातल्या प्रॉटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची १९१४ पासूनची संस्था. तिचं मुख्यालय कुठे आहे, माहितीय? नागपुरात! भंडाऱ्याहून साधारण साठ किलोमीटर. या संस्थेनं लैंगिकता आणि लिंगभावाच्या विविधतेवर चर्चच्या लोकांशी बोलण्यासाठी खास व्यासपीठ उभं केलं. त्यात पाद्री आहेत, ईश्वरविज्ञान शिकवणारे आहेत. तेव्हा “ख्रिस्ती माणूस असा विचारच करत नाही,” असं कुणी म्हणालं, तर मनात एवढं ठेवा, की करतात. आणि तेही आपल्याच नागपुरात.

त्याच रुळांवरून टिळक गेले होते

आता एक जुनी गोष्ट. १८९३ सालची. नारायण वामन टिळक नावाचा तरुण कवी नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाला होता. ती रेल्वेलाइन भंडारा जिल्ह्यातूनच जाते. आज तुमची विदर्भ एक्स्प्रेस नागपूरनंतर ज्या मार्गानं धावते, तोच हा मार्ग. डब्यात एक परदेशी पाद्री भेटला, गप्पा झाल्या, आणि उतरताना त्यानं टिळकांच्या हातात ‘नवा करार’ ठेवला. पुढे फेब्रुवारी १८९५ मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आणि घरात काय झालं? जणू घरातलं माणूस गेल्यासारखी रडारड. पत्नी लक्ष्मीबाई नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा-बायको कित्येक वर्षं वेगळे. समाजानं टिळकांना वाळीत टाकलं. पण पत्रं जात-येत राहिली, भेटीगाठी होत राहिल्या, आणि शेवटी लक्ष्मीबाई आपल्या पायांनी अहमदनगरला त्यांच्याकडे गेल्या. तेव्हाही त्या लगेच ख्रिस्ती झाल्या नाहीत. आपलं सोवळंओवळं सांभाळत, भांडत, प्रश्न विचारत राहिल्या. १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. हे सगळं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय.

आता तुम्ही म्हणाल, धर्म बदलणं वेगळं आणि समलिंगी असणं वेगळं. एकदम मान्य! धर्म माणूस निवडतो. गे असणं कुणी निवडत नाही. पण घरच्यांना बसणारा धक्का, ‘लोक काय म्हणतील’, ‘आमच्या तोंडाला काळं फासलंस’, हे शब्द मात्र तेच आहेत. आणि इथेच आपल्या मराठी ख्रिस्ती घरांना एक गोष्ट आठवून द्यायला हवी. यातल्या कितीतरी घरांची सुरुवातच अशा पणजोबापासून झालीय, ज्याला त्याच्या भावकीनं घराबाहेर काढलं होतं. त्यानं ताट-वाटी वेगळी झाल्याचं सोसलं, सणाला कुणी बोलावलं नाही ते सोसलं. मंडळीत त्याचं नाव आज आदरानं घेतात. मग त्याच घरातल्या पणतीला तिच्या खरेपणासाठी सणाच्या दिवशी दाराबाहेर ठेवायचं?

मूळ गावीच जागा नव्हती

नाताळची गोष्ट आपल्याला इतकी पाठ झालीय, की तिच्याकडे लक्षच जात नाही. नाटुकल्यात पोरं मेंढपाळ होतात, टॉवेल डोक्याला बांधतात, आई व्हिडिओ काढते. पण जरा थांबून बघा. शिरगणतीचा हुकूम निघतो, म्हणून योसेफ आपल्या मूळ गावी जातो. बेथलेहेम हे काही परकं शहर नव्हतं. ते त्याच्या पूर्वजांचं, दाविदाच्या घराण्याचं गाव. म्हणजे सणावाराला आपण गावी जातो, तसंच काहीसं. आणि तिथे, आपल्याच गावात, दिवस भरलेल्या बायकोला घेऊन गेलेल्या माणसाला जागा मिळत नाही. उतारशाळा भरलेली. बाळाला गव्हाणीत निजवावं लागतं. त्याला बघायला पहिले येतात ते रात्री रानात मेंढरं राखणारे लोक.

म्हणजे पहिला नाताळच मुळी घराबाहेर झाला! ज्याला घरी जागा नाही, तो या सणाच्या काठावर उभा नसतो, अगदी मधोमध असतो. पंचवीसला सकाळी पुण्यातल्या रूमवर एकट्यानं चहा करताना हे आठवलं, तर तो चहा थोडा कमी कडू लागेल.

आणखी एक प्रसंग तर फारच कमी वेळा सांगितला जातो. येशूच्या घरच्या माणसांना एकदा वाटलं, याचं डोकं फिरलंय. ते त्याला घरी न्यायला आले. तो आत लोकांत बसला होता. आई आणि भाऊ बाहेर उभे आहेत, असा निरोप आला, तेव्हा त्यानं भोवती बसलेल्यांकडे बघून सांगितलं, की देवाचं मानतात तेच माझे भाऊ, बहीण आणि आई. आजकाल ज्याला ‘निवडलेलं कुटुंब’ म्हणतात, तो फंडा काही पाश्चात्त्य फॅड नाही. तो शुभवर्तमानातच आहे. मद्रास हायकोर्टानंही मे २०२५ मध्ये एका समलिंगी तरुणीच्या बाबतीत, जिला तिच्या घरच्यांनी अडकवून ठेवलं होतं, अशा निवडलेल्या कुटुंबाची दखल घेतली.

पण खरी गंमत पुढे आहे. तीच आई वधस्तंभाजवळ उभी होती. मरताना येशूनं तिला आपल्या शिष्याच्या हवाली केलं, म्हणजे नवं घर जोडून दिलं. आणि प्रेषितांच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात ती आई आणि तेच भाऊ शिष्यांबरोबर प्रार्थना करताना दिसतात. म्हणजे ज्या घरच्यांना तो वेडा वाटला होता, ते घरचे शेवटी आले. लगेच नाही आले. पण आले.

आणि ज्यांच्या शरीराला, घरसंसाराला समाजानं कमी लेखलं, त्यांच्याबद्दल बायबल काय म्हणतं? जुन्या करारात मोशेच्या नियमशास्त्रानं षंढाला मंडळीबाहेर ठेवलं होतं. यशयाच्या पुस्तकात देव त्यालाच आपल्या घरात जागा देतो, लेकरांमुळे मिळतं त्याहून मोठं नाव द्यायचं वचन देतो. आणि नव्या करारात रथातून चाललेला इथिओपियाचा एक षंढ अधिकारी फिलिप्पाला विचारतो, की मला बाप्तिस्मा घ्यायला अडचण काय? तो अधिकारी रथ थांबवायला सांगतो, दोघं पाण्यात उतरतात. आजचे ‘गे’, ‘ट्रान्स’ हे शब्द त्या काळाला जसेच्या तसे चिकटवू नयेत, हे खरं. पण दार कुठल्या बाजूला उघडत गेलं, ते स्वच्छ दिसतं.

थोडं आईबाबांकडूनही

आईबाबांना व्हिलन करून मोकळं होणं सोपं आहे. पण तुम्हाला स्वतःला हे समजायला आणि मान्य करायला किती वर्षं लागली? दहा? पंधरा? त्यांच्याकडून ते चोवीस तासांत व्हावं अशी अपेक्षा करणं जरा जास्तच होतं.

बदलही होतोय. नागपुरात २०१६ मध्ये पहिला प्राइड मार्च निघाला. २०२१ च्या डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नागपुरातच दोन महिला डॉक्टरांनी एकमेकींना अंगठ्या घातल्या, आणि त्या सोहळ्याला घरची माणसं हजर होती! मुंबईत सुरू झालेल्या ‘स्वीकार’ या पालकांच्या गटानं एप्रिल २०२३ मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, आमच्या मुलांना लग्नाचा हक्क द्या म्हणून. त्यामागे चारशेहून जास्त आईबाप होते. यातल्या बऱ्याच जणांच्या घरी आधी आदळआपट, अबोला, डॉक्टर, ज्योतिषी असं सगळं झालं असणार. ही माणसं आकाशातून पडलेली नाहीत.

आणि गोव्याचं एक घर. फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स हे गोवेकर कॅथलिक. जेरोम मॅरेल यांच्याबरोबर ते अनेक वर्षं राहिले. २००२ मध्ये दोघांनी फ्रेंच कायद्याखाली आपलं नातं नोंदवलं, तेव्हा आपल्याकडे ३७७ कलम कडक उभं होतं. त्यांनी लपवाछपवी केली नाही, आणि गाव, चर्च, कुणबी साडी, गोव्याचा पोशाख यावरचं प्रेमही सोडलं नाही. २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. फेब्रुवारी २०२० मध्ये ते गेले, तेव्हा कोलवाळच्या गावच्या चर्चमधूनच त्यांना निरोप दिला गेला. गे असणं आणि आपल्या चर्चचं असणं, दोन्ही एका आयुष्यात बसू शकतं, याचं हे उदाहरण.

जाताय? मग एवढं कराच!

परतीचं तिकीट आधी काढा. चार दिवस जमणार नसतील तर दोनच दिवस जा. “सत्तावीसला ऑफिस आहे” हे वाक्य सगळ्या आया ऐकून घेतात.

सणाच्या दिवशी बॉम्ब टाकू नका. सांगायचंच असेल तर पंचवीसच्या जेवणावर, वीस पाहुण्यांसमोर नको. आधी घरातल्या एकाच माणसाला सांगा. बहीण, मावशी, आजी... आज्या कधी कधी सगळ्यांना चकित करतात!

उत्तरं पाठ करून जा. “लग्नाचं काय?” याला “सध्या काही विचार नाही मामा, तुमची शुगर कशी आहे?” हे उत्तर शंभर टक्के चालतं. खोटी गर्लफ्रेंड उभी करू नका, पुढच्या वर्षी तिचाही हिशेब द्यावा लागतो.

‘बरं करतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. तो डॉक्टर असो की प्रार्थना करणारा. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकतेला १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढलं. मद्रास हायकोर्टानं २०२१ मध्ये असे ‘उपचार’ थांबवायला सांगितले, आणि २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं ते डॉक्टरच्या पेशाला न शोभणारं गैरवर्तन ठरवलं. कुणी तुमच्यासाठी प्रार्थना करत असेल तर करू द्या. पण तुम्हाला बदलण्यासाठी कोंडून, उपाशी ठेवून, घाबरवून करत असेल, तर ती प्रार्थना नव्हे.

एक माणूस फोनवर ठेवा. रोज रात्री दहाला त्याला एक मेसेज. मेसेज नाही आला तर तो फोन करणार, असं ठरवून घ्या. मारहाण झाली, फोन काढून घेतला, कोंडलं, अशी वेळ आली तर ११२. मन फारच खचलं, जगणं नको वाटलं, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास आहे. मराठीतही बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

आणि नाहीच गेलात तर? अपराध्यासारखं वाटून घेऊ नका. शहरातल्या एखाद्या चर्चमध्ये चोवीसच्या रात्री मागच्या बाकावर जाऊन बसा. तिथे कुणी तुमची पत्रिका विचारत नाही. आईला फोन मात्र करा. भांडण नको, लांबलचक खुलासे नकोत. “करंज्या केल्यास का?” एवढं विचारा. लक्ष्मीबाई आणि टिळक यांच्यातही सगळं तुटलं असताना पत्रं सुरू होती. फोन सुरू ठेवला तर पुढचं काहीतरी होऊ शकतं.

आता शेजारच्या क्यूबिकलवाल्यांसाठी

तुम्ही ख्रिस्ती नसाल, गे नसाल, भंडारा नकाशात शोधावं लागत असेल. तरी या गोष्टीत तुमचं काम आहे. तो मित्र जिन्यातून परत येईल, चेहरा सरळ करून लॉगिन करेल. त्याला खोदून खोदून विचारू नका. “घरचेच आहेत, समजून घेतील रे,” असंही म्हणू नका. घेतील की नाही, हे तुम्हाला माहीत नाही.

फक्त एवढं विचारा, “परत कधी येतोयस?” आणि तो तारीख सांगेल, तेव्हा म्हणा, “मग एकतीसला रात्री आमच्याकडे जेवायला. आईला सांगून ठेवलंय.”

आणि खरंच सांगून ठेवा!